नोंदवही पाहून पैदाशीचा बोकड कसा निवडावा: गोव्याच्या डोंगरवाड्यांवरील शेळीपाळांसाठी

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांतल्या बहुतेक कळपांत पैदाशीचा बोकड कुणी निवडत नाही, तो उरतो. नर करडांत जे सगळ्यांत भरभर वाढते त्याला सणाच्या तोंडावर दारातच गिऱ्हाईक मिळते. दुसरे बरे करडू घरातल्या कार्याला जाते. गिऱ्हाइकाने हात फिरवून सोडून दिलेले मागे राहते आणि तेच पुढची दोन-तीन वर्षे शेळ्या भरवते. दर वर्षी वाढीचे रक्त विकायचे आणि मागे उरलेले रक्त कळपात मुरवायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. तो थांबवायला महागडा बोकड आणावा लागत नाही. एक वही, एक ताणकाटा आणि वर्षभर थोडी नियमित सवड पुरते.

ही पद्धत मेंढपाळांनाही तशीच लागू पडते. डोंगरातल्या मेंढ्यांचे नर वजनाच्या आणि आईच्या नोंदींवरून निवडायचे तंत्र जगभर वापरात आहे. मात्र आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात मेंढीच्या अंगाला आणि खुरांना ओल सोसत नाही, म्हणून इथे शेळीच धरून लिहिले आहे.

आधी करडे एकत्र जन्मू द्या

नोंदींचा सगळा उपयोग तुलनेसाठी. फेब्रुवारीत जन्मलेले करडू आणि जुलैत जन्मलेले करडू यांची वजने शेजारी लिहिली तर त्यातून फक्त पाऊस कळतो, रक्त कळत नाही. म्हणून बोकड वर्षभर कळपात मोकळा ठेवू नका. शेळीचा माज साधारण २१ दिवसांनी परततो आणि गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. १५ मे ते २६ जून असे ४२ दिवस, म्हणजे माजाच्या दोन फेऱ्या, बोकड कळपात सोडला तर करडे १२ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर या काळात जन्मतात. पावसाचा जोर ओसरलेला असतो, पाला भरपूर असतो, आणि ओल्या गोठ्यात न्यूमोनियाने व हगवणीने मरणारी करडे वाचतात. बोकड सोडण्याआधी दोन-तीन आठवडे शेळ्यांना रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा दिला तर माज वेळेवर आणि एकदम येतात.

दोन वर्षांत तीन वेत घेणाऱ्यांची पुढची करडे जून-जुलैत येतील. तीही नोंदवा, पण त्यांचा गट वेगळा ठेवा. एका गटात सहा आठवड्यांच्या आत जन्मलेली, एकाच गोठ्यातली आणि एकाच खाण्यावर वाढलेली करडेच घ्यायची. नर आणि माद्या वेगळ्या मोजायच्या.

बाप कोण हे ठाऊक नसेल तर अर्धी वही कोरी राहते. रानात दोन-तीन घरांच्या शेळ्या एकत्र चरतात आणि तिथे कुठला बोकड कुणावर चढला हे राखणाऱ्याला सांगता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. नको असलेल्या बोकडाच्या पोटाखाली जाड कापडाचा पट्टा बांधा, म्हणजे तो चढला तरी शेळी भरत नाही. ज्याच्याकडून भरवायचे आहे त्याच्या छातीला तेलात कालवलेली गेरू फासा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा. पाठीवर लाल डाग दिसला की शेळीचा नंबर आणि तारीख लिहा. २० दिवसांनी रंग बदला. त्यानंतर नवा रंग दिसला तर ती पहिल्या वेळी फळली नव्हती. नर करडे साडेतीन-चार महिन्यांची झाली की वेगळी काढा. इतक्या वयाची पोरेही शेळ्या भरवू शकतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वजन घेण्याची रीत

५० किलोपर्यंतचा डिजिटल ताणकाटा आडव्या वाशाला टांगा. तांदळाच्या रिकाम्या गोणीला पायांसाठी चार भोके पाडून झोळी करा आणि काट्याला अडकवा. करडू झोळीत बसले की त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर राहायला हवेत. ते पहिल्यांदा धडपडते, आकडा नाचतो. एका हाताने डोळे झाका, दहा-बारा सेकंदांत ते शांत होते, मग आकडा वाचा. झोळीचे वजन वजा करायला विसरू नका. दर वेळी सुरुवातीला पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून काटा तपासा. कॅनचे स्वतःचे वजन सोडून तो पाच किलो दाखवेना तर त्या दिवशीची वजने घेऊ नका.

वजन सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी आणि पाणी दाखवण्यापूर्वीच घ्यायचे. मोठ्या जनावराच्या पोटातला चारा-पाणी सहज दीड-दोन किलो भरतो. एक बोकड उपाशी पोटी आणि दुसरा दुपारी चरून आल्यावर तोलला तर निवड तिथेच चुकली.

पहिले वजन जन्मानंतर २४ तासांच्या आत. त्याच वेळी कानात बिल्ला मारा, कारण जुळ्यांची अदलाबदल पहिल्या आठवड्यातच होते. सरकारी बारा अंकी बिल्ला मारला जाईपर्यंत घरचा छोटा नंबर चालेल, फक्त दोन्ही नंबर वहीत एकाच ओळीत हवेत. दुसरे वजन तीन महिन्यांच्या सुमारास, ७५ ते १०५ दिवसांत. तिसरे सहा महिन्यांना. चौथे नऊ-दहा महिन्यांना, आणि आपल्या हवामानात याचे मोल सगळ्यांत जास्त. का, ते पुढे येईल.

काटा नसेल तर फीत वापरता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८३८, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ५५ असेल तर १८.३ किलो येतात. औषधाचा डोस ठरवायला हे पुरेसे आहे. निवडीसाठी मात्र नाही. या मापाची चूकच एक-दीड किलोची असते आणि दोन चांगल्या बोकडांतला फरक बहुधा तेवढाच असतो.

आकडा सरळ करून घ्या

सगळी करडे एकाच दिवशी तोलायची तर त्यांची वये सारखी नसतात, म्हणून वजन ९० दिवसांवर आणावे लागते. आजच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्मवजन मिळवा.

समजा बिल्ला ९ एकटा जन्मला. जन्मवजन २.३ किलो, ९७ व्या दिवशी १०.६ किलो. वाढ ८.३ किलो, भागिले ९७, गुणिले ९० म्हणजे ७.७. त्यात २.३ मिळवले की बरोबर १० किलो. बिल्ला १४ हा जुळ्यातला, पहिलारू शेळीचा. जन्मवजन १.८, ८४ व्या दिवशी ८.४ किलो. त्याचे ९० दिवसांचे वजन ८.८७ किलो येते.

अंगणात दोघे शेजारी उभे केले तर कुणीही ९ वरच हात ठेवील. आता गटाची सरासरी बघा. समजा त्या वर्षी एकट्या जन्मलेल्या नरांची सरासरी ९.८ आणि जुळ्या नरांची ८ किलो आली. ९ आपल्या बरोबरीच्यांपेक्षा दोन टक्क्यांनी सरस, तर १४ जवळजवळ अकरा टक्क्यांनी. आईचे दूध दोघांत वाटून घेऊन, तेही पहिल्याच वेताचे, त्याने ही वाढ गाठली. त्याच्या रक्तात ९ पेक्षा जास्त काही असण्याची शक्यता मोठी आहे. डोळ्याला हे दिसत नाही. वहीला दिसते.

गटात पाच-सहांपेक्षा कमी करडे असतील तर त्या एका वर्षाच्या सरासरीवर विसंबू नका. दोन-तीन वर्षांच्या सगळ्या नोंदींतून एकट्यांची सरासरी भागिले जुळ्यांची सरासरी काढा. वरच्या उदाहरणात ९.८ भागिले ८ म्हणजे १.२२५. जुळ्याचे वजन या आकड्याने गुणले की तो एकट्यांच्या रांगेत बसतो: १४ चे वजन १०.८७ धरायचे. पहिलारूंच्या करडांसाठीही असाच घरचा आकडा काढता येतो. दुसऱ्या जातीच्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या कळपाचा आकडा इथे उचलून लावू नका. तुमच्या शेळ्यांचे दूध आणि तुमच्या रानाचा पाला हेच त्या आकड्यामागे असतात.

आईचे पान

प्रत्येक शेळीला वहीत एक पान द्या. विण्याची तारीख, किती जन्मली, ९० दिवसांना किती जिवंत, त्यांचे मिळून वजन किती, मागच्या वेतानंतर किती दिवसांनी व्याली. कास दुखली, करडू घेतले नाही, अडली, खूर सडला, तेही त्याच पानावर.

जुळी देणारी शेळी आपल्याकडे मानाची. पण तीन वेतांत सात करडे देऊन चारच जगवणाऱ्या शेळीपेक्षा चार वेतांत सात देऊन सातही जगवणारी बोकडाची आई म्हणून कितीतरी सरस. म्हणून जन्मलेल्या करडांपेक्षा दूध तुटताना जिवंत असलेल्या करडांचे एकूण किलो मोजा. ज्या शेळीची निदान दोन वेते नोंदीत आहेत तिचाच मुलगा शक्यतो उमेदवार धरा. बिल्ला १४ ची अडचण इथेच आहे: आई पहिलारू, तिच्याबद्दल वही अजून जवळजवळ गप्प आहे. अशा वेळी आजीचे पान उघडा. आजी दर वेताला दोन जगवत आली असेल तर १४ ला ठेवा, आणि आईच्या दुसऱ्या वेताची वाट बघा.

जुळी होण्याचा गुण आनुवंशाने फार थोडा उतरतो, दहा टक्क्यांच्या आसपास. एकदा जुळी झाली यावरून काही ठरत नाही. वजनाचा गुण, विशेषतः दूध तुटल्यानंतरच्या वाढीचा, साधारण पाव ते तिसरा हिस्सा उतरतो. म्हणून आईच्या बाबतीत अनेक वेते पाहायची आणि बोकडाच्या स्वतःच्या अंगात सहा आणि नऊ महिन्यांच्या वजनाला जास्त मान द्यायचा. तीन महिन्यांचे वजन हे बऱ्याच अंशी आईच्या कासेचे वजन असते.

पावसाची परीक्षा

गोव्यातल्या बोकडाची खरी कसोटी जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात जन्मलेले करडू त्या वेळी आठ ते अकरा महिन्यांचे असते. ओले गवत, कोंदट गोठा, आणि पोटात रक्त पिणारा जंत. एप्रिलपर्यंत पुढे असलेले दोन-चार नर या चार महिन्यांत वाळतात आणि मधला एखादा अंग न मोडता बाहेर येतो. आपल्याला तोच हवा आहे, कारण त्याच्या मुली याच पावसात जगायच्या आहेत.

यासाठी दर दोन आठवड्यांनी डोळ्याची पापणी बघा. उजेडात उभे राहा, अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलके दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतली कड क्षणभर उघडी पडते. तिचा रंग फमाचा तक्त्याशी, म्हणजे जंतांमुळे रक्त किती कमी झाले हे दाखवणाऱ्या रंगांच्या तक्त्याशी, ताडा: १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे कागदासारखी पांढरी. तक्ता पशुवैद्याकडे मागा. घरी छापलेल्या प्रतीचे रंग बदललेले असतात, त्यावर विसंबू नका. ४ आणि ५ ला लगेच जंताचे औषध, शेळ्यांत ३ लाही द्यावे. १ आणि २ ला देऊ नका. प्रत्येक डोस तारखेसह लिहा.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पावसाच्या सुरुवातीला सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजणे. मग कोण स्वतःच्या बळावर टिकले आणि कोण औषधावर, हे कधीच कळत नाही. शिवाय औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. ती जनावरे ओळखणे हाच निवडीचा अर्धा भाग. चार महिन्यांत ज्या बोकडाला तीन वेळा औषध लागले त्याचे वजन कितीही असो, पैदाशीला ठेवू नका. शेवटच्या दोन-तीन उमेदवारांच्या लेंड्या गुदद्वारातून थेट हातमोज्याने घ्या, आठ-दहा पुरेत, पिशवीतली हवा काढून बर्फावर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत द्या आणि एका ग्रॅममधली अंडी मोजून घ्या. त्याआधी किमान सहा आठवडे औषध दिलेले नसावे. जमिनीवरून उचललेल्या लेंड्या चालत नाहीत.

हात लावून बघायच्या गोष्टी

वहीत वर आलेला बोकडही अंगाने नापास होऊ शकतो. दोन्ही अंड सारखे, घट्ट आणि सहज सरकणारे हवेत. एकच उतरले असेल तर तो बाद, आणि हा दोष पोरांत उतरतो म्हणून खच्ची न करता विकूही नका. अंडकोशाचा घेर फितीने मोजा आणि त्याच्या वयाच्या भावंडांशी ताडा. मोठा घेर असलेल्याच्या मुली लवकर माजावर येतात. खालचे दात वरच्या हिरडीला टेकायला हवेत. सड दोनच आणि स्वच्छ हवेत: बोकडाचे सड कुणी बघत नाही, पण जोडसड त्याच्या मुलींत दिसतात आणि करडू चोखताना अडते. पाय सरळ, खूर बंद, चढावर चालताना मागची ढोपरे एकमेकांना घासू नयेत.

शिंगांची एक गोष्ट लक्षात ठेवा. जन्मतः बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळ्यांवर सोडू नका. त्या जोडीतल्या काही माद्या धड मादी ना धड नर अशा निपजतात आणि त्या कधीच गाभण राहत नाहीत. कळपात बिनशिंगी शेळ्या असतील तर बोकड शिंगांचाच हवा.

वही फसवते कधी

लाडक्या करडाला घरातली पेज आणि फणसाची चारखंडे वेगळी मिळतात. मुले खाऊ घालतात, कुणी लिहीत नाही. त्याचा आकडा वर येतो, पण तो पेजेचा असतो. एखाद्याला जास्त खाणे मिळाले असेल तर त्याच्या ओळीत तसे लिहा आणि त्याला तुलनेतून काढा. मेलेल्या करडांची पाने फाडू नका: ती काढली की वाईट आई वहीत चांगली दिसू लागते. आणि एकाच आकड्याच्या मागे लागून जन्मवजन वाढवत नेऊ नका. ज्या बोकडांचे स्वतःचे जन्मवजन फार मोठे, त्यांच्या करडांमुळे पहिलारू अडतात.

अपेक्षाही मोजून ठेवा. एखादा बोकड सहा महिन्यांना आपल्या गटापेक्षा ३ किलो जास्त असेल आणि गुणाचा ३० टक्के हिस्सा उतरत असेल, तर त्याच्या रक्तातली सरशी ०.९ किलो. त्यातली निम्मी करडाला मिळते, म्हणजे सरासरी ४५० ग्रॅम. वर्षाला ४० करडे झाली तर १८ किलो. हा आकडा ऐकून निराश होऊ नका. हे १८ किलो जादा भरड्याशिवाय मिळतात आणि त्याच्या मुली कळपात राहिल्या की पुढच्या पिढीतही मिळत राहतात.

पाच-दहा शेळ्यांची घरे

डोंगरवाड्यावर बहुतेकांकडे एवढ्याच शेळ्या असतात, आणि चार नर करडांत तुलना ती काय होणार? तीन-चार घरांनी मिळून एक वही ठेवावी, काटा एकच असावा, तोलणारा माणूसही एकच असावा. निदान एक बोकड सगळ्या घरांत वापरावा. त्याची करडे प्रत्येक गोठ्यात असली की कुठला गोठा चांगला आणि कुठले रक्त चांगले हे वेगळे करता येते. बोकड घराघरांत फिरवण्याआधी त्याच्या रक्ताची ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, आणि एका बोकडाने तो सगळ्या वाडीला पोचतो.

विकत आणायचा असेल तर शेजारच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही या पावसाला सरावलेली जात पहिली बघा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ती नोंदलेली आहे. काळ्या तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन पांढरे पट्टे आणि पांढऱ्या कडांचे लांब, लोंबते कान ही तिची खूण. घाटावरचे कोरड्या हवेतले अवजड बोकड फोटोत भारी दिसतात आणि पहिल्याच आषाढात खोकू लागतात. विकणाऱ्याला नुसते वजन विचारू नका. ते किती दिवसांचे, एकटा की जुळा, गटात किती होते आणि गटाची सरासरी किती, हे चार प्रश्न विचारा. शेवटचे उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींचा अर्थ लागत नाही. आणल्यावर ३० दिवस वेगळा बांधा, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसींची खात्री करा, लेंड्या तपासा, मगच कळपात घ्या.

सप्टेंबरअखेरची बैठक

सहा महिन्यांच्या वजनानंतर, एप्रिलमध्ये, वरचे तीन-चार नर ठेवून बाकीचे विका किंवा पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या. मागच्या दारी कितीही चांगला भाव आला तरी हे तीन-चार त्या वेळी विकायचे नाहीत. एवढी एक गोष्ट पाळली तरी कळपाची दिशा बदलते. सप्टेंबरअखेर नऊ-दहा महिन्यांचे वजन, पापणीचे आकडे, औषधाचे डोस आणि आईचे पान समोर घेऊन बसा. आधी बाद करायचे ते बाद करा: अंगाचा दोष, तीन डोस, करडे न जगवणारी आई. उरलेल्यांत वजनाने पहिला तो तुमचा बोकड, दुसरा राखीव. राखीव असायलाच हवा, कारण मे महिन्यात बोकड साप चावून किंवा पोट फुगून गेला तर ऐन वेळी पुन्हा उरलेलाच हाती येतो.

पहिल्या हंगामात तरुण बोकडाला १० ते १५ शेळ्याच द्या, पुढे २५ ते ३०. त्याची १५-२० करडे तोलून झाली की राखीव बोकडाच्या करडांशी त्यांची सरासरी ताडा. तिथे तो मागे पडला तर त्याची स्वतःची वजने कितीही देखणी असोत, त्याला बदला. चांगला निघाला तरी त्याच्या मुली भरवण्याजोग्या होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, त्याला शेजारच्या घरी द्या आणि तिथला आपल्याकडे आणा. बाप-लेकीच्या जोडीतली करडे कमी वजनाची जन्मतात आणि जास्त मरतात, आणि तेही वहीत दिसेलच.